बाळाला चहाचा चटका बसला तर
अगं घाबरू नको, आधी बाळाला उचल अन् नळाखाली धर, भाजलेल्या जागेवर गार पाणी हळूहळू सोडत राहा, चांगली 20 मिनिटं, रडलं तरी. पण आपल्या नागपुरात मे महिन्यात टाकीचं पाणीच उकळतं ना, तेव्हा माठातलं नाहीतर आरओचं गार पाणी तांब्याने घालायचं, बर्फ मात्र नाही. अंगठी-कडं, ओले कपडे लगेच काढ, कपडा चिकटला असेल तर ओढू नको. बाकीचं अंग कोरड्या दुपट्ट्यात ठेव, तान्हं पोट्टं लवकर गार पडते.

सासूबाई हळद, तूप, टूथपेस्ट घेऊन धावतीलच, प्रेमाने नाही म्हण, त्याने आग आतच राहते अन् डॉक्टरला जखमही नीट दिसत नाही. फोड फोडायचा नाही. वरून स्वच्छ सुती कापड सैल ठेवायचं, कापूस नको, चिकटतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स वजनावर ठरतात, म्हणून आपल्या डॉक्टरला फोन करून विचार.

वर्षाच्या आतलं बाळ असेल तर छोटा चटकाही दाखवूनच घे. फोड आला असेल, चेहरा, हात, पाय, शूची जागा भाजली असेल तर सरळ नागपूरच्या मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी दवाखान्यात ने, किंवा 108 लाव.