जुन्या स्किड स्टिअरचा (छोट्या लोडर मशीनचा) वॉटर पंप गळतोय. पॅकिंग बदलू की अख्खा पंप?

दादा, पंपाच्या अंगावरचं बारीक भोक बघा. तिथून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ठिबकत असेल तर आतलं सील गेलंय, पॅकिंगने भागणार नाही. पंपच बदला.

कळंबोलीच्या यार्डात आमच्या मशीनचा पंप उतरवला, तर आतला पंखा गंजून निम्मा झालेला. वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी भरलं होतं! त्याच खोलाखोलीत थर्मोस्टॅट आणि बेल्टही नवीन टाका. जुनं पॅकिंग काढताना छिन्नी लावू नका, ओरखडा पडला की तिथूनच गळती.

बूम (मशीनचे उचलायचे हात) वर उचलून काम करणार असाल तर लॉक लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही, कितीही घाई असो. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. कूलंट भरल्यावर हवा नीट काढा.