दाबून ठेवलेली कळ जाते कुठे?

प्रश्न : कापूस वेचणीच्या दिवसांत आम्हां बायांना वावरात नेणारी गाडी सहालाच सुटते. घाईत चहा घेतला की शौचाची कळ येते, पण मी दाबून ठेवते. थोड्या वेळाने ती आपोआप जाते, ती संध्याकाळपर्यंत येतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी खडा होतो. कळ जाते कुठे, आणि चहाचा तिच्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक भगिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, मल जागीच असतो, फक्त त्याच्याभोवतीची भिंत सैल पडते. आतड्याच्या भिंतीतले स्नायू शाळेच्या पुस्तकातले ‘अपट्टकी’, म्हणजे आपल्या इच्छेने न हलणारे, स्नायू आहेत. आतला गोल आणि बाहेरचा उभा अशा त्यांच्या दोन थरांमध्ये मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे असते, आणि मलाने भिंत ताणली की मेंदूला न विचारता तेच कामाला लागते. मलाच्या मागच्या बाजूला मज्जातंतूंतून ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटून स्नायू आवळतो, तर पुढच्या बाजूला नायट्रिक ऑक्साइड हे दुसरे रसायन सुटून तो ढिला पडतो. ओलित करताना आपण मागचे बारे बांधून पुढचे फोडतो, तसेच हे. बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये कुत्र्यांच्या लहान आतड्यावर हे दाखवले, तेव्हा बाहेरून आतड्याकडे येणाऱ्या नसा कापल्यावरही हा क्रम चालूच राहिला होता.

पुढचे बारे फुटणे किती मोलाचे, ते काही नवजात बाळांत दिसते. त्यांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात या मज्जापेशी जन्मतःच नसतात. तो भाग कायम आवळलेला राहतो आणि मल त्याच्या मागे तुंबतो. जन्मानंतर दोन दिवसांत बाळाला शी झाली नाही, तर घुटी पाजत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

आता तुमची कळ. गुदद्वाराशी स्नायूंची दोन वळी असतात. आतले अपट्टकी, मलाशय ताणला की आपोआप ढिले होणारे; बाहेरचे मात्र आपल्या ताब्यातले, आणि तुम्ही दाबता ते हेच. ते धरून ठेवले की आतले वळे पुन्हा आवळते, मलाशयाची भिंत मलाला जागा करून देते, ताण उतरतो आणि मेंदूकडे जाणारा संदेश मंदावतो. त्या वेळात आतडे मलातले पाणी शोषत राहते, म्हणून खडा. महिनोन्‌महिने असेच केले, तर कळ यायलाच जास्त मल साठावा लागतो.

चहाचा संबंध आहे, पण त्याचे श्रेय एकट्या चहाला देऊ नका. रात्रभर शांत असलेले मोठे आतडे सकाळी जागे होते आणि रिकाम्या पोटात काही पडले की मज्जातंतूंमार्फत त्याला चालना मिळते. कोमट पाण्यानेही बहुधा ते होईल. तेव्हा चहा गाडीच्या अर्धा तास आधी घ्या, आणि वावरात पाण्याची कॅन भरून न्या. आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, त्यांचा त्रास याहून वाढलेला असतो. मलातून रक्त जात असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्या.