इलेक्ट्रिक गिटारसाठी कॉम्प्रेसर पेडल : दोन नॉबचं घ्यावं की पाच नॉबचं?

तुमची गिटार सिंगल-कॉइलची (एकाच वेटोळ्याच्या पिकअपची), वाजवणं बहुतेक क्लीन, म्हणजे आवाज न फाटता, मधूनच हलक्या ओव्हरड्राइव्हवर, म्हणजे आवाज जरासा फाडून, सोलो. आणि बँडमध्ये काही सूर अंगावर येतात तर काही ऐकूच येत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. या दुखण्यावर कॉम्प्रेसर, म्हणजे जोराचा आणि हलका सूर एकमेकांजवळ आणणारं पेडल, हाच इलाज आहे. फक्त नॉब मोजून पेडल निवडू नका.

आधी एक गोष्ट तपासा : तुमचा आवाज खरोखर क्लीन किती वेळ असतो? ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ ही सगळी मंडळी सिग्नलची टोकं छाटूनच आपला आवाज बनवतात. त्यामुळे जोराचा आणि हलका सूर तिथे आपोआप जवळ येतात. कायम भरपूर गेनवर, म्हणजे सिग्नल खूप वाढवून, वाजवणाऱ्याला कॉम्प्रेसरमधून मिळते ती मुख्यतः जास्तीची घरघर. अशा माणसाला मी पैसे वाचवायला सांगतो. तुमची गरज मात्र खरी वाटते.

पेडल आत करतं काय, तर ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज दाबतं आणि मग सगळाच आवाज उचलतं. रेशो, म्हणजे दाबाचं प्रमाण, 4:1 असेल आणि तुमचा फटका त्या पातळीच्या 12 डेसिबल वर गेला, तर बाहेर तो फक्त 3 डेसिबल वर दिसतो. सस्टेन, म्हणजे लांब टिकणारा सूर, मिळतो तोही यातूनच. सूर विरत जातो तसतसं पेडल दाब सोडत जातं, म्हणून तो उशिरा विरल्यासारखा वाटतो. गोम अशी की तुम्ही हात थांबवलात की दाबायला काही उरत नाही, गेन पूर्ण वर जातो आणि त्याबरोबर सिंगल-कॉइलची घरघरही वर येते. सस्टेनचा नॉब शेवटपर्यंत फिरवून 'हे पेडल फार आवाज करतं' म्हणणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं. स्वस्त अडॅप्टरवर पाच पेडलं एकत्र जोडलेली असतील तर त्यात आणखी भर. कॉम्प्रेसरला पॉवर सप्लायचं वेगळं, बाकी पेडलांशी न जोडलेलं (आयसोलेटेड) आउटपुट द्या.

निवड करताना कान ठेवायचा तो अटॅकवर. पिक तारेला लागल्यावर किती वेळाने दाब सुरू होतो, तो अटॅक. तो फार जलद असेल तर 'टक्' नाहीसा होतो, सूर गुळगुळीत होतो. थोडा संथ असेल तर पिकचा टोला सुटून जातो आणि मागचा सूर तेवढा सावरला जातो. जुन्या पद्धतीच्या एमएक्सआर डायना कॉम्पमध्ये आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी एवढे दोनच नॉब. अटॅक ठरलेला, त्यात तुमचं काही चालत नाही. त्याचा तो दबलेला, 'पॉप' होणारा टोला कंट्रीच्या चिकन पिकिंगला (तार चिमटून टकटकीत वाजवायची पद्धत) आणि फंकच्या तुटक रिदमला इतका जमतो की लोक मुद्दाम तेवढ्यासाठी घेतात. लिटल फीट बँडचे गिटारवादक लोवेल जॉर्ज स्लाइड (तारांवर नळी सरकवून) वाजवताना हेच पेडल वापरायचे. स्लाइडवर सूर लांबवायला ते अजूनही झकास आहे. म्हणजे दोन नॉब हा दोष नाही. फक्त तो आवाज आवडला तर घ्या, सुधारता येईल या आशेवर घेऊ नका.

अटॅकचा नॉब असला तरी खूण नीट वाचा. 1967 च्या 1176 या स्टुडिओ कॉम्प्रेसरवर नॉब उजवीकडे नेला की अटॅक जलद होतो, काही पेडलांवर नेमकं उलट. या एका घोळामुळे लोक चांगली पेडलं विकून टाकतात.

तरीही मला एकच नॉब निवडायला सांगितलं तर मी अटॅक सोडून ब्लेंड घेईन. ब्लेंडमध्ये मूळ, न दाबलेला सिग्नल दाबलेल्यात मिसळता येतो. पिकचा टोला मूळ सिग्नलमधून येतो, भरीवपणा आणि लांबी दाबलेल्यातून. तुमच्या बोटांतला हलका-जोराचा फरक शिल्लक राहतो. रिदमला अर्ध्याच्या आसपास, सोलोला थोडं पुढे, असा अंदाज धरून सुरुवात करा. ब्लेंड असलेल्या पेडलात अटॅक जरा मनाविरुद्ध असला तरी निभावतं.

सर्किटचा प्रकार, म्हणजे ओटीए (एक प्रकारची चिप), ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारं), एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) वगैरे, यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या. ढोबळ सांगायचं तर डायना कॉम्पच्या घराण्यातली ओटीए पेडलं ठसठशीत रंग देतात. डायमंडसारखी ऑप्टिकल पेडलं हळुवार, बंद केल्यावरच कळावीत अशी. 1176 च्या वळणाची एफईटी पेडलं चपळ. ओरिजिन इफेक्ट्सचं कॅली76 या शेवटच्या गटातलं.

बॉसचं सीएस-3 1986 पासून चालत आलंय. लेव्हल, टोन, अटॅक, सस्टेन असे चार नॉब, मजबूत डबा, ब्लेंड नाही. जुनं मिळालं आणि सस्टेन निम्म्याच्या खाली ठेवलात तर छान काम देतं.

दुकानात बघताना कोणतंही पेडल आधी चालू-बंद करून आवाजाची पातळी सारखी करा. जरा मोठं ऐकू आलं की ते चांगलंच वाटतं, आणि कॉम्प्रेसरमध्ये ही फसगत सगळ्यात सोपी. मग अर्पेजो (कॉर्डचे सूर एकेक करून) हळू वाजवा, एकच कॉर्ड जोरात मारा, गिटारचा व्हॉल्यूम कमी करून बघा. शेवटी हात तारांवर ठेवून गप्प बसा आणि घरघर किती वेगाने वर येते ते ऐका. शेवटची ही चाचणी फारसं कोणी करत नाही.

जोडताना ट्यूनर, मग कॉम्प्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह. फझ फेस या जुन्या पेडलच्या जातीचं फझ असेल तर ते कॉम्प्रेसरच्या आधी ठेवा, त्याला थेट पिकअप समोर लागतो. ओव्हरड्राइव्हच्या आधी कॉम्प्रेसर चालू असताना गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करायची सवय असेल तर ती थोडी बोथट होईल, हे धरून चला.

तुमच्या जागी मी असतो तर कीलीचं कॉम्प्रेसर प्लस किंवा झोटिकचं एसपी यांपैकी एक घेतलं असतं. दोन्हींत ब्लेंड आहे. कीलीवर सिंगल-कॉइल आणि हमबकरसाठी (दोन वेटोळ्यांचा पिकअप) स्विचही आहे, म्हणून तुमच्यासाठी माझा कल तिकडे. पाच-सहा नॉबचं हवंच असेल तर एम्प्रेसचं किंवा एमएक्सआरचं स्टुडिओ कॉम्प्रेसर बघा. त्यांच्यावरचे दिवे किती दाब पडतोय ते दाखवतात. क्लीन रिदममध्ये जोरातल्या फटक्यांवर 4 ते 6 डेसिबलपर्यंत दाब दिसला तर तेवढा पुरे.