फ्लाय अॅश वापरताय? आधी हे वाचा

भाऊ, पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट घेतलंय ना, मग साइटवर वरून फ्लाय अॅश (वीज केंद्रात कोळसा जळून उरणारी बारीक राख) टाकायच्या भानगडीत पडू नकोस, त्या गोणीत आधीच १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश असते. मेन गोष्ट क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं. राखेचं काँक्रीट सुरुवातीला ताकद हळू पकडतं, पण नंतर मस्त मजबूत होतं, त्यामुळे किमान १० दिवस पाणी मार आणि स्लॅबचे टेकू काढायची घाई नको, मिस्त्री कितीही म्हणो "झालं साहेब". माझ्या जिन्याच्या कडांच्या अशाच घाईत खपल्या निघाल्या.
विटा कोराडी-चंद्रपूरच्या वीज केंद्रांकडच्या राखेच्या मिळतील, पण दोन विटा एकमेकींवर वाजवून बघ, खणखणीत आवाज पाहिजे, नखाने कोपरा भुरभुरला तर ट्रक परत पाठव.