डक्टिलिटीला 'लवचिकता' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: पोलादी इमारती स्फोटाला कशा तोंड देतात यावरचा तांत्रिक मजकूर मराठीत आणताना 'डक्टिलिटी'साठी, म्हणजे न तुटता कायमचं वाकण्याच्या क्षमतेसाठी, 'लवचिकता' चालेल का? कोशातला 'तन्यता' वाचकाच्या डोक्यावरून जाईल, अशी विचारणाऱ्याला धास्ती वाटते.

लवचिकता नकोच. शब्द गोड आहे, पण इथे अर्थ उलटा करतो. जे लवतं ते जोर ओसरला की परत उभं राहतं. महापुरातली लव्हाळी काय करतात ते आठवा. स्फोटाच्या गणितात तुळईने परत सरळ व्हावं अशी अपेक्षाच नसते. ती कायमची वाकली तरी चालेल, तुटता कामा नये, एवढंच बघतात.

स्फोटाच्या लाटेचा दाब काही मिलिसेकंदांत चढतो आणि उतरतो. तुळई जेमतेम हलू लागते तोवर तो बहुतेक वेळा संपलेलाही असतो. मागे राहतो तो तुळईला मिळालेला वेग, आणि ती ऊर्जा जिरवायची कुठे हा प्रश्न. समजा, एक तुळई मध्यभागी 2 सेंमी झुकेपर्यंत पुन्हा सरळ होऊ शकते, आणि स्फोटात ती 10 सेंमी झुकली. म्हणजे गुणोत्तर 5. 2 सेंमीपर्यंत तिचा प्रतिकार शून्यापासून चढत जातो, त्यापुढे तो पूर्ण जोराने टिकून राहतो असं धरलं, तर 10 सेंमीपर्यंत जिरलेली ऊर्जा पहिल्या टप्प्याच्या नऊपट भरते. झुकली पाचपट, जिरवलं नऊपट! हा सगळा फायदा कायमच्या वाकण्यातून आलेला आहे. तिथे 'लवचिक तुळई' लिहिलं तर वाचक ती सरळ झाली असंच समजणार.

'तन्यता' शाळेच्या विज्ञानात भेटतो, धातूची तार काढता येण्याचा गुण म्हणून, आणि बहुतेकांच्या मनात तो तारेपाशीच अडकून पडतो. पण मूळ आहे 'तन्', ताणणं. 'तंतू' त्याच घरातला. तुळई वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जातेच. साधं बांधकामाचं पोलाद सुमारे 0.12 टक्के ताणलं जाईपर्यंत पूर्ववत होतं आणि तुटेपर्यंत 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त लांबतं. या दोन आकड्यांमधली जी प्रचंड जागा आहे, तीच तन्यता.

मात्र 'तन्य' हे विशेषण कशाला लावता ते जपून. पोलाद तन्य असलं म्हणून सांगाडा तन्य होतोच असं नाही. जानेवारी 1994 मधल्या कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपानंतर अनेक पोलादी इमारतींत तुळई आणि खांब यांचे वेल्डिंगचे जोड ठिसूळपणे तडकलेले सापडले. मूळ मजकुरात डक्टिलिटी पोलादाची आहे, जोडाची की सांगाड्याची, हे पाहून तसं स्पष्ट लिहा.

जाता जाता, विचारणाऱ्याने वापरलेल्या 'स्फोटरोधक'बद्दल. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात 26 फेब्रुवारी 1993 ला स्फोट झाला तेव्हा तिथले स्लॅब फुटले, पण मनोरा उभा राहिला. स्लॅबचा आधार गेल्यामुळे खांबांना नंतर तात्पुरते टेकू द्यावे लागले, ती गोष्ट वेगळी. इथे स्फोट कुणी रोखला नाही, इमारतीने तो सोसला. 'उच्चतापसह', म्हणजे प्रचंड उष्णता सोसणारा, हा शब्द आपल्याकडे रुळलेला आहेच, त्याच चालीवर मला 'स्फोटसह' जास्त पटतो.

तर पहिल्या उल्लेखाला 'तन्यता, म्हणजे न तुटता कायमचं वाकण्याची क्षमता' असं लिहावं आणि पुढे नुसतं तन्यता. 'चिवटपणा'चा मोह होईल, पण तो 'टफनेस'साठी, म्हणजे तुटेपर्यंत ऊर्जा जिरवण्याच्या गुणासाठी, राखून ठेवा. अशा मजकुरात तोही कुठेतरी येणारच.