परसातलं झाड पडलंय, लगेच सरपण करू नका

प्रश्न : दादा, आम्ही दापोली तालुक्यातले. आठ दिवसांपूर्वीच्या वादळी पावसात परसातला बरका फणस मुळासकट आडवा झाला. सासऱ्यांनी लावलेला, बुंध्याचा घेर ६ फूट आणि सरळ खोड ८ फूट. घराकडे पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढूनच यावं लागतं, ट्रक येत नाही, म्हणून वखारवाला नको म्हणतो. सरपणवाला म्हणतो फुकट द्या, तोडून नेतो. झाडापाशी आणून लाकूड चिरायचं मशीन असतं म्हणे, त्याने काही होईल का? मला त्याचं दार करायचंय.

उत्तर : ताई, आधी सरपणवाल्याला थांबवा. ६ फूट घेराचा फणस चुलीत घालायचा म्हणजे माझ्या तरी जिवावर येतं. आपल्याकडच्या हिशेबाने बघा, घेराचा चौथा हिस्सा म्हणजे दीड फूट, दीड गुणिले दीड सव्वादोन, त्याला लांबी ८ ने गुणा, १८ घनफूट माल झाला. साल आणि बाहेरचं पांढरं कच्चं लाकूड गेलं तरी एक दार चौकटीसकट निघून वर देव्हाऱ्यापुरतं उरेल, आणि फणसाच्या गाभ्याला वाळवी सहजासहजी लागत नाही हे तुमच्या सासऱ्यांच्या पिढीला पक्कं माहीत होतं.

पण आठ दिवस गेलेत, आता घाई करा. लाकूड टोकांकडून भराभर सुकतं आणि मधून सावकाश, त्यामुळे टोकं आधी आकसतात आणि तडे आत चालत जातात. घरात उरलेला ऑइलपेंट असेल, मेण असेल, काहीही चालेल, खोड तोडल्या तोडल्या दोन्ही टोकांना जाड दोन हात मारा. तोडताना ८ फुटांचं काम असेल तर साडेआठ फूट ठेवा, टोकं थोडी फुटणारच. आणि तोडायच्या आधी फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, वनखात्याच्या कचेरीतही विचारा, कारण १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत, आपल्या परसातलं असलं तरी. लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतूक पासचंही तेव्हाच विचारून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मुळासकट पडलेल्या झाडाचा बुंधा कापला की वरचं वजन जातं आणि मुळांचा तो मातीसकटचा गड्डा कधी कधी धाडकन परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे कुणी उभं राहायचं नाही, पोरांना तर अंगणातसुद्धा येऊ देऊ नका. दबलेल्या फांद्याही कापल्यावर उसळतात, म्हणून पहिली तोड सरावाच्या माणसाकडूनच करून घ्या. विजेची तार झाडात अडकली असेल तर महावितरणचा माणूस येईपर्यंत हातच लावायचा नाही.

आता मशीन. दोन प्रकार आहेत. एक म्हणजे चेनसॉला लोखंडी चौकट लावलेलं, दोन माणसं हाताने उचलून पाखाडी चढतात, तुमच्यासाठी तेच. दुसरं पट्ट्याच्या करवतीचं, चाकांवर येतं, त्याला वाट लागते. फरक भुशात आहे. चेनसॉ प्रत्येक कापाला ८-१० मिलिमीटर लाकूड खाते, पट्टा २-३. तुमच्या खोडाचा व्यास साधारण २३ इंच, दीड इंची फळ्या काढल्या तर चेनसॉने पट्ट्यापेक्षा दोन फळ्या कमी निघतील. त्या दोन फळ्यांचं वाईट वाटून घेऊ नका, नाहीतर सगळंच खोड चुलीत जात होतं. पूर्वी एक माणूस वर आणि एक खाली राहून लांब करवतीने चिरायचे तेही झाडापाशीच, ओंडका कुठे न्यावा लागत नव्हता, त्या मानाने ही काही फार नवी कल्पना नाही. फक्त एवढं बघा की आरा गिरणीला वनखात्याचा परवाना लागतो, तेव्हा मशीनवाल्याला त्याचे कागद विचारा आणि त्या कचेरीत गेल्यावर हेही बोलून घ्या.

परसातल्या झाडाची खरी भानगड म्हणजे लोखंड. कपडे वाळत घालायची तार, झोपाळ्याची कडी, गुरं बांधायचा खिळा, कुणी ४० वर्षांपूर्वी ठोकलेलं असतं आणि झाडाने गिळलेलं असतं, वरून काही दिसत नाही. जमिनीपासून पाच-सहा फुटांपर्यंत हे जास्त. मेटल डिटेक्टर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर कापलेलं टोक ओल्या फडक्याने पुसून नीट बघा, पिवळ्या लाकडात निळसर काळा डाग उतरलेला दिसला की त्या रेषेत पुढे कुठेतरी लोखंड आहे, लाकडातल्या तुरट द्रव्याशी लोखंडाची गाठ पडली की असा शाईसारखा रंग येतो. मी एका खोडात हा डाग बघूनही दुर्लक्ष केलं होतं, दोन फुटांवर आकडा निघाला आणि चेनचे दात गेले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा, दोरी कुठे बांधायचे ते त्यांना आठवत असतं.

फणसाचा चीक पात्याला चिकटतो, गरे काढताना सुरीला तेल लावतो तसंच पातं मधेमधे पुसून तेलाचा हात द्यायचा. सालीवरची माती आधी धुऊन टाका, मातीने धार जेवढी जाते तेवढी लाकडाने जात नाही. फळ्या हव्या त्यापेक्षा पाव इंच जास्त जाड ठेवा कारण सुकताना आकसतात आणि रंध्यालाही काही जातं. अगदी मधोमधची फळी, जिच्यात खोडाचा अगदी मधला भाग येतो, ती बहुतेक फुटतेच, तिच्यावर दार बेतू नका.

आणि मग सुकवणं, इथेच लोक घाई करतात. घराच्या सावलीच्या बाजूला चिरे मांडून जमिनीपासून दीड फूट उंच बैठक करा. फळी, मग तिच्यावर दीड-दीड फुटावर इंचभर जाडीच्या सुक्या रिपा, मग पुढची फळी, असं रचत जा. रिपा वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत आल्या पाहिजेत, इकडेतिकडे झाल्या की फळीला बाक आलाच. वर पत्रा, त्यावर चार जड चिरे, बाजू मोकळ्या. ताडपत्रीत गुंडाळू नका, आत बुरशी येते. इंचाला एक वर्ष असा ढोबळ हिशेब, आपल्या कोकणातला पावसाळा धरला तर दीड इंचाला दोन वर्षं तरी सोडाच. एक तुकडा बाजूला ठेवून महिन्याला वजन करा, उन्हाळ्यातही वजन उतरायचं थांबलं की सुताराला बोलवा. आज हळदीसारखा पिवळाधमक दिसेल तो रंग तोवर मधासारखा झालेला असेल, पुढे तपकिरीकडे जातो.

प्रश्न : श्रीवर्धनकडे आमचं आगर आहे. निसर्ग वादळात नारळ-पोफळी गेल्या तेव्हा खोडं तशीच पडून कुजली. या वर्षी परत चार माड पडलेत. त्यांच्या फळ्या निघतात का?

उत्तर : निघतात, पण माडाचं सगळंच उलटं. बाकीच्या झाडाचा गाभा पक्का आणि बाहेरचं कच्चं, माडात कडेचं लाकूड दगडासारखं आणि मधलं मऊ. म्हणून चारी बाजूंनी कडेच्या फळ्या घ्यायच्या आणि मधलं सोडून द्यायचं. पातं फार लवकर बोथट होतं, मशीनवाल्याला आधीच सांगा. बुरशीही पटकन धरते, तेव्हा जमेल तेवढ्या लवकर चिरून घ्या, आणि बोरिक ॲसिड एक भाग नि बोरॅक्स दीड भाग पाण्यात विरघळवून फळ्या त्यात भिजवा. आंब्यालाही हेच करा, नाहीतर वर्षभरात भुंगा लागून खाली पीठ पडायला लागतं. बोरॅक्सचं पाणी पावसात धुऊन जातं, म्हणून हे लाकूड घराच्या आतच वापरायचं. पोफळीच्या फळ्या करायच्या भानगडीत पडू नका, उभी चिरून मांडवाला वापरतो तेच बरं.

३ जून २०२० च्या त्या वादळानंतर कुजत पडलेली खोडं मीही पाहिलीत, फार वाईट वाटायचं. त्यातून नुसतं लाकूड वाया जात नाही, कुजक्या माडात गेंडा भुंगा अंडी घालतो आणि तो उरलेल्या उभ्या माडांच्या शेंड्यात शिरतो. फळ्या करा नाहीतर करू नका, पण खोडं आगरात ठेवू नका.

प्रश्न : मी ओहायोत राहते. बॅकयार्डमधला काळा अक्रोड वादळात पडला, शिवाय एक ॲशचं झाड किडीने मेलेलं उभं आहे. ट्री सर्व्हिसवाले तुकडे करून न्यायचे पैसे मागतायत. त्याचा डायनिंग टेबल होईल का?

उत्तर : ताई, तुमच्याकडे तर हे सगळ्यात सोपं. ट्रेलरवर पट्ट्याची करवत घेऊन घरी येणारे लोक अमेरिकेत गावोगावी असतात, तासावर किंवा बोर्ड फुटावर पैसे घेतात. बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड, असे १२ झाले की आपला एक घनफूट. ट्री सर्व्हिसवाल्यांना फक्त एवढंच सांगा की खोडाचे दीड-दोन फुटांचे तुकडे करू नका, साडेआठ फूट सलग ठेवा, एकदा तुकडे झाले की टेबल गेलं. पात्याला खिळा लागला तर पात्याचे पैसे बहुतेक तुमच्याकडूनच घेतात, म्हणून लोखंडाबद्दल वर लिहिलंय ते वाचा.

ॲशला लागलेली ती हिरव्या भुंग्याची कीड (एमराल्ड ॲश बोरर) डेट्रॉइटजवळ २००२ मध्ये सापडली आणि तिथून पसरली. तिच्या अळ्या सालीखाली पोखरतात, आतलं लाकूड शाबूत असतं, त्यामुळे टेबल नक्की होईल. पण मेलेलं ॲश फार ठिसूळ होतं, ते उभं झाड स्वतः पाडायला जाऊ नका, तिथे मात्र माहीतगार माणसालाच पैसे द्या. साली आणि फाटे दुसऱ्या गावी सरपण म्हणून देऊ नका, कीड तशीच पसरते. अक्रोडाच्या कडेचा पांढरा पट्टा लोक कापून टाकतात, मी म्हणेन एका बाजूला राहू द्या, काळसर चॉकलेटी लाकडाशेजारी तो सुंदर दिसतो. ॲश आणि अक्रोड वेगवेगळे रचा आणि प्रत्येक फळीच्या टोकावर खडूने चिरल्याची तारीख आणि क्रमांक घाला, म्हणजे टेबल जोडताना एका खोडातल्या शेजारच्या फळ्या शेजारीच येतील.