स्वयंपाकघराचे सिंक: जास्तीचे साडेसोळा हजार कुठे घालावेत?

पिंपरी-चिंचवडमधील एका वाचक भगिनींनी स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाबद्दल सल्ला विचारला आहे. १९९८ साली बांधलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर त्यांचा वन बीएचके फ्लॅट आहे आणि कडप्प्याचा आठ फुटी ओटा काढून तिथे ग्रॅनाइटचा ओटा व खाली ट्रॉल्या करून घ्यायच्या आहेत. दोघांचे मिळून दरमहा ८२,००० रुपये हाती येतात. गृहकर्जाचा २१,००० रुपयांचा हप्ता आणि घरखर्च भागवून त्यातले १५,००० उरतात. या कामासाठी आवर्ती ठेवीत १,६०,००० रुपये जमले आहेत आणि अडीअडचणीसाठी २,४०,००० रुपयांची मुदत ठेव वेगळी आहे. शोरूमने २,६०,००० रुपयांचे कोटेशन दिले असून ते बारा बिनव्याजी हप्त्यांत फेडता येईल असे सांगितले आहे. हप्ते न घेता रोखीने दिल्यास १६,००० रुपये सूट आहे. अडले आहे ते सिंकपाशी. शोरूमचा आग्रह ३७ इंची, दोन भांड्यांच्या (म्हणजे दोन कप्प्यांच्या) काळ्या क्वार्ट्‌झ सिंकचा असून त्याची किंमत २६,००० आहे. सासूबाईंचे म्हणणे साधे स्टीलचे सिंक घ्यावे असे आहे. ३०४ ग्रेडचे, २४ बाय १८ इंचाचे स्टीलचे सिंक ९,५०० रुपयांना मिळते, तर गल्लीतील दुकानदार तसेच दिसणारे सिंक ३,२०० रुपयांना देतो. "एवढ्याशा गोष्टीसाठी सल्ला विचारणे बरोबर आहे का," असेही त्यांनी लिहिले आहे.

प्रश्न लहान नाही, हे आधी सांगतो. ओट्यावरील मिक्सर उद्या बदलता येतो. सिंक मात्र दगडात कापून बसवलेले असते. त्याच्याखाली सांडपाण्याची नळी, ट्रॉलीचे प्लायवूड आणि खालच्या शेजाऱ्यांचे छत असते. म्हणून सिंकच्या निर्णयात त्याच्या किमतीपेक्षा ते बसवण्याचा आणि पुढे कधी काढावे लागले तर काढण्याचा खर्च अधिक महत्त्वाचा ठरतो. तुमच्यापुढील दोन चांगल्या पर्यायांत १६,५०० रुपयांचा फरक आहे. हे पैसे गुंतवले तर दहा-पंधरा वर्षांत त्यांचे किती होतील, असा हिशेब मी मांडणार नाही. स्वतःच्या घरात रोज तीन वेळा वापरायच्या वस्तूवर खर्च करणे ही उधळपट्टी नव्हे. माझा प्रश्न वेगळा आहे: याच कामात हे साडेसोळा हजार दुसऱ्या कुठल्या जागी जास्त उपयोगी पडतील? तुम्ही पाठवलेले कोटेशन वाचल्यावर ती जागा मला स्पष्ट दिसली.

त्या कोटेशनमध्ये ट्रॉल्यांच्या कंपनीपासून काचेच्या शटरच्या रंगापर्यंत सगळे तपशील आहेत, पण पाइपलाइनची एकही ओळ नाही. १९९८ सालच्या इमारतीत भिंतीच्या आत बहुधा जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असतात. असे पाइप आतून गंजत जातात, त्यांची पोकळी अरुंद होते आणि नळाची धार बारीक होते. त्याहून वाईट म्हणजे ओटा काढताना भिंतीला हादरे बसले की जुन्या आट्यांचे सांधे सैल होतात. नवीन टाइल्स लागल्यावर सहा महिन्यांनी त्यांच्यामागे ओल दिसू लागली, तर टाइल्स फोडण्यावाचून इलाज उरत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, घराच्या आतील संडास, सिंक वगैरेंतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सदस्याने स्वखर्चाने करायची असते. खालच्या मजल्यावर ओल उतरली तर त्याचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही तुमच्याच वाट्याला येतील. तेव्हा ओटा उघडलेला असतानाच, अन्य काहीही ठरवण्याआधी, भिंतीतील पाइप सीपीव्हीसीचे (न गंजणाऱ्या प्लास्टिकचे) करून घ्या, सांडपाण्याची नळी नवी टाका आणि सिंकखालच्या भागाचे वॉटरप्रूफिंग करून घ्या. तुमच्या प्लंबरने या सगळ्याचा तोंडी अंदाज १४,००० रुपये सांगितला आहे. दोन सिंकच्या किमतींमधील फरकात हे काम होते आणि वर अडीच हजार उरतात.

आता क्वार्ट्‌झविषयी, कारण शोरूमने सांगितलेले सगळेच खोटे नाही. सुमारे ८० टक्के क्वार्ट्‌झची भुकटी आणि उरलेले रेझिन यांपासून केलेले चांगल्या कंपनीचे सिंक टिकाऊ असते. त्यात भांडी पडली तरी आवाज कमी होतो, त्यावर पोचे येत नाहीत आणि ते दिसायलाही सुरेख असते. परंतु ते स्टीलपेक्षा बरेच जड असते, त्यामुळे त्याला खालून भक्कम आधार द्यावा लागतो. बिडाचा तवा हातातून सुटून कडेवर आदळला तर टवका उडू शकतो. स्टीलला अशा वेळी पोचा येतो, पण ते वापरता येते. शिवाय तुमच्या शहरात २०१९च्या अखेरीपासून एक दिवसाआड पाणी येते आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे सोसायटीच्या टाकीत त्यात बोअरवेलचे पाणी मिसळले जाते. अशा क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग काळ्या पृष्ठभागावर सर्वांत आधी दिसतात. ते काढता येतात, पण ते काम रोजचे होते आणि नोकरी करणाऱ्या घरात ते कोण करणार, हे आधीच ठरवलेले बरे.

मला अधिक खटकते ते ३७ इंचांचे माप. तुमचा ओटा आठ फुटी, म्हणजे ९६ इंचांचा आहे. दोन बर्नरच्या शेगडीला सुमारे २७ इंच दिले आणि ३७ इंचांचे सिंक बसवले, तर उरतात ३२ इंच. त्यातच पाण्याची कळशी, मिक्सर आणि पोळपाट मावायला हवेत. २४ इंचांचे सिंक घेतले तर ४५ इंच मोकळे राहतात, आणि त्या जास्तीच्या तेरा इंचांत पोळ्या लाटता लाटता शेजारी कणकेची परात ठेवता येते. दोन भांड्यांच्या सिंकमध्ये प्रत्येक कप्पा साधारण सोळा इंच रुंदीचा भरतो. तुमच्या घरातील सर्वांत मोठी परात आणि पाच लिटरचा कुकर मोजपट्टीने मोजा. परात सिंकमध्ये आडवी बसत नसेल तर ती तिरकी धरून घासावी लागेल आणि पाणी ओट्यावर व तुमच्या अंगावर येईल. दोन भांड्यांची सोय मोठ्या ओट्यावर खरोखर चांगली असते. आठ फुटी ओट्यावर तिची किंमत कामाच्या जागेत मोजावी लागते. खोलीचाही विचार करा. दहा इंच खोल सिंकमध्ये भांडी अधिक मावतात, पण ओटा ठेंगणा असेल तर घासणाऱ्याला सतत वाकावे लागते. घरात भांडी प्रामुख्याने सासूबाई किंवा कामाच्या ताई घासत असतील तर त्यांना शोरूममध्ये सोबत न्या आणि नमुन्याच्या सिंकपुढे उभे राहून हात तळाशी टेकवून पाहायला सांगा. आठ-नऊ इंच खोली बहुतेकांना सोयीची पडते.

म्हणून माझा कौल ९,५०० रुपयांच्या स्टीलच्या सिंकला आहे. ३,२०० रुपयांच्या सिंकला मात्र नाही, कारण तिथली बचत फसवी आहे. ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्त सिंक बहुधा २०२ ग्रेडचे असते, ज्यात महागड्या निकेलऐवजी मॅंगनीज जास्त वापरलेले असते, आणि मीठ, चिंच, कोकम यांच्या रोजच्या संपर्कात ते लवकर डागाळते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात आणि "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४," असे सांगतात. या परीक्षेवर विसंबू नका, कारण २०२ ग्रेडलाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही. ग्रेड आणि पत्र्याची जाडी या दोन गोष्टी जीएसटीच्या पक्क्या बिलावर लिहून घ्या. लिहून देण्यास दुकानदार तयार नसेल तर तेच उत्तर समजा. जाडी किमान १ मिलिमीटर असावी. तळाला आवाज कमी करणारे रबरी पॅड असतील तर उत्तम. बसवल्यानंतर त्यात संडास साफ करण्याचे ॲसिड किंवा ब्लीच ओतू देऊ नका, कारण त्याने ३०४ ग्रेडच्या स्टीलवरही खड्डे पडतात.

सिंक ग्रॅनाइटच्या वरून बसवावे की खालून, हे कारागीर विचारतील. खालून बसवलेले दिसते छान आणि ओट्यावरचे पाणी सरळ आत ओढता येते. वरून बसवलेल्याच्या कडेला थोडी घाण साचते, ती पुसावी लागते. तरीही तुमच्यासाठी मी वरून बसवण्याची शिफारस करतो, आणि मापही बाजारात सर्रास मिळणारे २४ बाय १८ हेच ठेवा. पंधरा वर्षांनी सिंक बदलायची वेळ आली तर जुने उचलून त्याच खाचेत नवे बसवता येईल, दगडाला हात लावावा लागणार नाही.

हप्त्यांच्या योजनेबद्दल स्पष्ट लिहितो. रोख किंमत २,४४,००० आणि हप्त्यांची बेरीज २,६०,००० असेल, तर मधले १६,००० रुपये हे व्याजच आहे. बारा महिन्यांचा २१,६६७ रुपयांचा हप्ता मांडून पाहिला तर व्याजदर वर्षाला सुमारे १२ टक्के पडतो. प्रक्रिया शुल्क असल्यास ते त्याहून वेगळे. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, असे बँकांना बजावले होते; पुढे तीच योजना नाव बदलून आली आणि व्याज सवलतीआड लपू लागले. व्याजापेक्षाही मला काळजी आहे ती मासिक ओझ्याची. गृहकर्जाचे २१,००० आणि हे २१,६६७ मिळून ४२,६६७ होतात, म्हणजे वर्षभर तुमच्या मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग हप्त्यांत जाईल. आज तुम्ही महिन्याला १५,००० वाचवता. हप्ता त्याहून मोठा आहे. वरचे साडेसहा हजार दर महिन्याला घरखर्चातून तरी काढावे लागतील किंवा मुदत ठेवीतून.

त्या मुदत ठेवीला हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. गृहकर्जाच्या हप्त्यासह तुमचा महिन्याचा खर्च ६७,००० आहे, म्हणजे २,४०,००० रुपये साडेतीन महिने पुरतील. मी सहा महिन्यांची तरतूद असावी असे सांगतो. तुमची आधीच कमी आहे, आणि मुलगी आठवीत असल्यामुळे पुढील चार-पाच वर्षे शिक्षणाचा खर्च वाढतच जाणार आहे. दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर कर सवलत मिळते असे तुम्हाला कोणी सांगितले आहे. राहत्या घरासाठी ती फक्त जुन्या करप्रणालीत आणि वर्षाला ३०,००० रुपयांच्या मर्यादेत मिळते. तेवढ्यासाठी कर्ज काढण्यात अर्थ नाही.

माझा हिशेब असा आहे. रोख किमतीतून, म्हणजे २,४४,००० रुपयांतून, सिंकचे १६,५०० कमी करा. काचेच्या शटरचे वरचे कपाट २२,००० रुपयांचे आहे. ते सध्या बाजूला ठेवा, कारण ते पुढे कधीही ओट्याला न हलवता लावता येते. त्यात पाइप आणि वॉटरप्रूफिंगचे १४,००० मिळवले की काम २,१९,५०० रुपयांचे होते. तुमच्याकडे १,६०,००० आहेत. पाच महिने थांबलात तर महिन्याला १५,००० या गतीने २,३५,००० होतील आणि टाइल्समागे काही अनपेक्षित निघाले तर त्यासाठी साडेपंधरा हजार हाताशी राहतील. चार महिन्यांतही रक्कम जेमतेम जुळते, पण जुन्या इमारतीत भिंत उघडल्यावर काहीच निघणार नाही असे गृहीत धरू नये. या पाच महिन्यांत सध्याच्या ओट्यावर गैरसोय होईल, हे मी जाणतो. एकच अपवाद करा: सांडपाण्याची नळी आत्ताच गळत असेल तर ती दुरुस्ती लगेच करून घ्या, थांबू नका.

शोरूमला एकरकमी सगळे पैसे आगाऊ देऊ नका. मालाच्या टप्प्यांनुसार पैसे द्या आणि शेवटचे दहा टक्के पाण्याची चाचणी होईपर्यंत हातात ठेवा. चाचणीसाठी सिंकची जाळी बंद करून ते काठोकाठ भरा, अर्धा तास तसेच ठेवा आणि मग सगळे पाणी एकदम सोडा. खालच्या बॉटल ट्रॅपच्या (सांडपाण्याच्या नळीवरील बाटलीसारख्या भागाच्या) प्रत्येक जोडावर आणि सिंकच्या कडेखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवा. तो कुठेही ओला झाला नाही तरच उरलेली रक्कम द्या.

पुढचे पाऊल एवढेच की शोरूमकडून सुधारित कोटेशन मागवा. त्यात पाइपांचा प्रकार व लांबी, वॉटरप्रूफिंग, सिंकची ग्रेड, जाडी आणि माप, तसेच पाण्याच्या फिल्टरसाठी ग्रॅनाइटमध्ये आधीच पाडायचे छिद्र, या सगळ्यांच्या स्वतंत्र ओळी असाव्यात. शोरूम पाइपचे काम करत नसेल तर ते तुमच्या प्लंबरकडून आधी उरकून घ्या आणि त्याच्याही अंदाजाचा कागद लेखी घ्या. हे दोन्ही कागद हाती आल्यावर आवर्ती ठेव पूर्ण होण्याची तारीख पाहून कामाचा दिवस ठरवा.